बुधाजींचं शेवटचं कडवं

अमरावतीत बेस कळणारा माणूस कोण, असं डीजेवाल्यांना विचारलं तर दहातले नऊ संघपालचं नाव घेतील. दहाव्याचं त्याच्याशी भांडण झालेलं असेल. शेगाव नाक्याजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर त्याचा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. फेब्रुवारी उजाडला की भीमजयंतीचे ट्रॅक बनवून घ्यायला तिवसा, चांदूर, दर्यापूर, मूर्तिजापूरकडचे डीजेवाले त्याच्या जिन्यावर येऊन बसतात. प्रत्येकाला आपला ट्रॅक शेजारच्या मंडळापेक्षा जड हवा असतो. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि म्हाताऱ्यांनी कानात बोटं घातली, की ट्रॅक पास. या धंद्याला दुसऱ्या कुणी नावं ठेवायची गरज नाही, ते काम संघपाल स्वतःच रोज करत असे.

हा बेस तो शिकला इंग्लंडकडून. तिकडे गेला वगैरे नव्हता, पासपोर्टसुद्धा नव्हता त्याच्याकडे. कॉलेजात असताना सायबर कॅफेत बसून त्याला तिकडच्या बॅंडचा नाद लागला. जमैकाहून बोटीनं विलायतेला गेलेल्या मजुरांच्या, ड्रायव्हरांच्या, नर्सांच्या पोरानातवांनी काढलेले हे बॅंड. रेगेचा एक पाय मागे ओढत चालणारा ठेका, त्यावर हिप-हॉपची तोंडाला फेस येईस्तोवर बडबड, आणि खाली डब. डब म्हणजे काय हे त्यानं पुष्कळांना सांगून पाहिलं. तयार गाणं घ्यायचं, त्यातून गाणाऱ्याला जवळजवळ हाकलून द्यायचं, ढोल आणि बेस तेवढा ठेवायचा. मग त्या रिकाम्या घरात मधूनच एखादा शब्द येतो, घुमतो आणि निघून जातो. ऐकणारे डीजेवाले जांभई देत आणि म्हणत, ‘ते जाऊ दे भाऊ, आपल्या ट्रॅकात ड्रॉप कोठी येते, म्हंजे बेस धाडकन कोठी पडते, ते सांग.’

अशा माणसाला गेल्या जानेवारीत बर्मिंगहॅमहून मेल यावी, हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. ‘कॅनाल साइड हाय-फाय’ नावाचा चौघांचा बॅंड. त्यातला मार्कस नावाचा माणूस माईकवर असतो आणि मिक्सिंगही तोच करतो. तिथल्या एका बुद्धविहारात अकोल्याची ज्योत्स्ना नावाची नर्स जाते. तिनं मोबाइलवर त्याला अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ दाखवला होता, अकोल्यातल्या कुठल्याशा जयंतीचा. त्यात एक उंच, काळा, वाळलेला म्हातारा एक हात कानावर ठेवून गातोय. मार्कसनं लिहिलं होतं, या माणसाच्या आवाजावर आम्हाला एक गाणं उभं करायचं आहे. तो कोण आहे? जिवंत आहे का? ज्योत्स्ना म्हणते की तुम्ही त्याला ओळखता.

ओळखता म्हणजे काय! ते बुधाजी सिरसाट, संघपालचे सख्खे मामा.

बुधाजींची अकोल्यात गायन पार्टी होती. हार्मोनियमवर नत्थुजी, कोरसला बुधाजींची बायको केशरबाई, आणि चौदाव्या वर्षापासून ढोलकीवर संघपाल. चाळीस वर्षं या पार्टीनं गावोगावी भीमगीतं गायली. मग संघपालनं कॉम्प्युटर घेतला, गावोगावी डीजे आला, आणि गायन पार्टीला बोलावणं येईनासं झालं. घरभेद्या म्हणतात तो हाच, असं नत्थुजी संघपालच्या तोंडावर म्हणत. बुधाजी मात्र कधी बोलले नाहीत. एकदा फक्त त्यांनी त्याचा एक ट्रॅक शेवटपर्यंत ऐकला होता आणि म्हणाले होते, ‘चांगलं वाजते. मानूस दिसत नाई त्यात कोठीच.’

भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. गाणं कुणीही गावं, पण त्या कडव्यात नाव घ्यायचं ते रचणाऱ्याचं. दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नसलेल्या माणसांनी केलेली गाणी ही; त्यांच्या मालकीला दुसरा पुरावा नाही. बुधाजींचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्यांच्या आईवर आहे. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई निंदायला गेल्यावर विळ्याच्या टोकानं मातीत अक्षरं काढून पोराला शिकवायची.

‘इळ्याच्या टोकानं मायनं काळ्या मातीत अ काढला,
भीमाचा उजेड मायनं आमच्या ताटात वाढला.’

आणि शेवटी:

‘बुधाजी म्हणे लेकरांनो, पुसू नका ते अक्षर,
मायच्या हातचं तेवढंच उरलं काळ्या वावरावर.’

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे गाणं एका कॅसेटवर आलं. गायला शेषराव नावाचा, त्या वेळी जरा चलती असलेला गायक. त्यानं शेवटच्या कडव्यात म्हटलं, ‘शेषराव म्हणे लेकरांनो’. बुधाजीच्या जागी शेषराव अगदी चपखल बसला, ठेका कुठे अडखळला नाही. कॅसेट घराघरात गेली. तेव्हापासून वऱ्हाडात ते शेषरावचं गाणं. बुधाजी स्वतः ते गायला उभे राहिले, की लोक नंतर येऊन सांगत, शेषरावचं गाणं तुम्ही बरं म्हणता हो. बुधाजी भांडायला गेले नाहीत कुठे. पण नंतर जन्मभर ते कडवं आलं की त्यांचा उजवा हात वर जायचा आणि आपलं नाव ते छाती फुगवून, एका दमात घ्यायचे.

मार्कसची मेल आली तेव्हा बुधाजींच्या गळ्यात गाठ होती. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल, जीव वाचेल पण बोलणं जाईल. ऑपरेशनची तारीख मिळाली वीस मार्च.

संघपाल अकोल्याला गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. डब म्हणजे काय तेही सांगितलं. बुधाजी खाटेवर बसून ऐकत होते. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता.

‘म्हंजे गानाऱ्याले बाहीर काढतात?’ त्यांनी विचारलं.

‘पुरता नाई, मामा. येते-जाते आवाज.’

‘पावन्यासारखा.’

‘हो. पन एक आहे. तो माईकवाला मार्कस हाये न, त्याईच्यातई गानाऱ्यानं गान्यात आपलं नाव घ्यायची रीत हाये. मी अमुक, अमक्या गल्लीचा, आयका माहं, असं.’

बुधाजींचा चेहरा उजळला. केशरबाईंकडे वळून ते म्हणाले, ‘पाह्य. तेई आपल्यासारखेच.’ मग भाच्याकडे वळले. ‘संघपाल, मले बाकी काई नको. त्याईनं माहा आवाज उलटा टांगावा का सुलटा. शेवटचं कडवं तेवढं येऊ दे त्यात, माह्या नावासंग. माह्या गळ्यानं. मंग कापू दे त्या डॉक्टरले काय कापाचं ते.’

नत्थुजी कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, ‘एवढं कर लेका. आमची पार्टी तं तू बुडवलीच हाये.’

संघपालनं मान हलवली. एवढंसं तर काम होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर बुधाजी आणि केशरबाई एसटीनं अमरावतीला आले. दुपारची वेळ होती. बुधाजींनी इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता, जणू स्टेजच आहे. संघपालनं त्यांना काचेच्या आतल्या लहानशा खोलीत माईकसमोर बसवलं. केशरबाई त्या खोलीच्या दाराबाहेर पडवीत स्टुलावर बसल्या, कारण आत दोन माणसं मावत नाहीत. मार्कसला आवाज कोरडा हवा होता, वाद्याविना, नुसता गळा.

बुधाजी गायले. खरं सांगायचं तर गळा फाटलेला होता, पण त्या फाटलेपणातून जे येत होतं ते ऐकून संघपालच्या अंगावर काटा आला. मुखडा झाला. पहिलं कडवं, दुसरं. मधे दोनदा खोकल्याची उबळ आली, पाणी प्यायले, पुन्हा सुरू. तिसरं कडवं संपलं आणि संघपालनं रेकॉर्डिंग बंद केलं.

त्यानं ते मुद्दाम केलं नाही, हे इथे सांगितलं पाहिजे, आणि त्यानं काही फरक पडत नाही हेही. डीजेचा ट्रॅक तिसऱ्या कडव्यापुढे कधी जात नाही. नाचणारे तोवर घामाघूम झालेले असतात, त्यांना पुढचं गाणं हवं असतं, आणि शेवटच्या कडव्यातल्या त्या नावावर कुणी नाचत नाही. पंधरा वर्षं संघपालनं शेकडो गाणी तिथेच कापली होती. कुणाकुणाची नावं गेली असतील त्यात, त्यानं कधी मोजली नव्हती. तिसरं कडवं संपलं की त्याचं बोट बटणावर जायचं, झोपेत कूस बदलावी तसं. त्या दिवशीही गेलं. त्याच क्षणी मोबाइल वाजला. जयंतीचा सीझन, गिऱ्हाईक. त्यानं स्पीकरचा आवाज बंद केला, खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून बोलू लागला.

वळला तेव्हा काचेमागे बुधाजींचा हात वर गेलेला होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. आवाज नव्हता. स्क्रीनवरची रेघ सपाट पडली होती.

संघपालनं फोन तसाच ठेवला. बटण दाबायला हात पुढे केला, तोवर ओठ थांबले. हात खाली आला. बुधाजींनी डोळे उघडले आणि काचेतून त्याच्याकडे पाहून हसले. कित्येक महिन्यांत ते तसे हसले नव्हते.

बाहेर आले तेव्हा रुमालावर रक्ताचा ठिपका होता. ते भिंतीला धरून उभे राहिले. पुन्हा एकदा म्हणा, असं सांगायला संघपालचं तोंड उघडत होतं. पण त्या माणसाच्या अंगात पुन्हा एकदा म्हणायची ताकद उरली नव्हती, आणि चूक कबूल करायची याच्या अंगात नव्हती.

‘आलं?’ बुधाजींनी विचारलं.

‘आलं, मामा.’

‘नाव?’

‘आलं न. एकदम साफ.’

बुधाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. संघपालनं मनाशी ठरवलं, येत्या रविवारी मशीन घेऊन अकोल्याला जायचं, काहीतरी निमित्त सांगायचं आणि तेवढं कडवं हळू आवाजात पुन्हा घ्यायचं. वीस मार्चला अजून महिना होता. रविवारी मूर्तिजापूरच्या मंडळाचं काम निघालं, त्यानं पुढचा रविवार धरला. पुढच्या गुरुवारी केशरबाईंचा फोन आला. नागपूरला खाट रिकामी झाली होती, डॉक्टरांनी लगेच बोलावलं होतं, ते दोघं गाडीत बसलेसुद्धा होते.

‘हे म्हनतात, संघपालले सांगजो, आता चिंता नाई,’ केशरबाई म्हणाल्या. मागून गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. ‘म्हनतात, माहं काम झालं.’

शनिवारी ऑपरेशन झालं. बुधाजी वाचले. गळ्याला भोक, तिथून श्वास. बोलायचं झालं तर नातवाची पाटी आणि खडू.

मार्चमध्ये मार्कसची मेल आली. आवाज मिळाला, आम्ही सगळे दिवसभर तेच ऐकत बसलो. पण ज्योत्स्ना म्हणते, गाण्यात आणखी एक कडवं असतं, त्यात गायक आपलं नाव सांगतो. आमच्याकडे माईकवाल्याचं नाव म्हणजे त्याचा सातबाराच, असं काहीसं त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. निदान संघपालनं तरी ते असंच वाचलं. ते कडवं आम्हाला हवं आहे. सगळं गाणं तिथेच जाऊन उतरणार आहे.

संघपालच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं अकोल्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले. कुणाकडे मामांचा व्हिडिओ आहे का, शेवटच्या कडव्याचा? व्हिडिओ निघाले अकरा. अकराही मुखड्याचे. मोबाइल वर धरणारा मुखडा धरतो, पुढे हात दुखतो. जुन्या पार्टीच्या काळात तर मोबाइलच नव्हते. नत्थुजींकडे एक कॅसेट होती, ती शेषरावची. आपल्या नावासकट बुधाजींचा गळा जगात कुठेच नव्हता. चाळीस वर्षं गाऊन.

मग संघपालनं जे केलं ते त्याला येत होतं म्हणून केलं. येत नसतं तर बरं झालं असतं.

रेकॉर्ड झालेल्या कडव्यांतून त्यानं तुकडे काढले. दुसऱ्या कडव्यात ‘बुडाली’ होतं, त्यातला ‘बु’. पहिल्यात ‘धावली’, त्यातला ‘धा’. ‘जीव’मधला ‘जी’. ‘म्हणे’ तिसऱ्या कडव्यात अख्खं मिळालं. चार दिवस तो सांधे घासत बसला. सूर जुळवले, मधला खरखराट काढला, आणि वरून लांबलचक प्रतिध्वनी सोडला. डबमध्ये हे एक बरं असतं, प्रतिध्वनीच्या धुरात सांधा दिसत नाही. पुढची ओळ नाही, याचंही कुणाला काही वाटणार नव्हतं. नाव येईल, घुमेल, विरून जाईल. त्यानं ते मार्कसला पाठवलं आणि लिहिलं, गळा खराब असल्यामुळे एवढंच वापरता येण्यासारखं आहे.

मार्कस खूश. जयंती झाली, मे लागला, आणि कच्चं मिक्स आलं. संघपालनं ते हेडफोनवर एकट्यानं ऐकलं. अस्सल काम होतं. बेस असा की छातीत हात घालून कुणी काळीज तोलून पाहतंय. मामांचा आवाज यायचा, जायचा. मार्कस मधे इंग्रजीत आपल्या आजीबद्दल काही बोलायचा, ती बर्मिंगहॅमच्या बसमध्ये फरशी पुसायची. आणि शेवटी सगळं थांबायचं आणि यायचं, ‘बुधाजी म्हणे’. संघपालला रडू आलं. आपण जमवलं, असं त्याला वाटलं, आणि पुढच्याच क्षणाला त्यानं हेडफोन काढून बाजूला ठेवला.

केशरबाईंचे फोन सुरूच होते. ‘हे रोज पाटीवर लिहितात, आलं का म्हनून.’ शेवटी तो एक चांगला स्पीकर घेऊन अकोल्याला गेला. मोबाइलवर बेस ऐकू येत नाही, हे खरं कारण होतं. वाटेत बडनेऱ्याला उतरून परत जावं असं त्याच्या मनात दोनदा आलं.

बुधाजी खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते. अर्धे झाले होते. गळ्यावर पांढरं फडकं बांधलेलं. नत्थुजी आले होते, केशरबाईंनी चहा ठेवला होता. संघपालनं गाणं लावलं. स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर वाजू लागली. बुधाजींनी मान हलवत ठेका धरला, मांडीवर बोटं चालू लागली. मार्कसचा भाग आला तेव्हा त्यांनी भुवया उंचावून संघपालकडे पाहिलं, हाच का तो, असं. संघपालनं मान हलवली. मग बेस थांबला आणि नाव आलं. बुधाजी म्हणे. म्हणे. म्हणे.

‘वा,’ नत्थुजी म्हणाले. केशरबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

बुधाजींची बोटं थांबली होती. त्यांनी हातानं खूण केली, पुन्हा. संघपालनं शेवट पुन्हा लावला. पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पाटी ओढली, खडूनं लिहिलं आणि पाटी संघपालकडे फिरवली.

‘हे कोणी म्हटलं?’

‘तुमीच, मामा. आवाज तं तुमचाच हाये.’

बुधाजींनी हाताच्या तळव्यानं पाटी पुसली. या वेळी लिहायला वेळ लागला.

‘नावाआधी मी श्वास घेतो. तो कुठं आहे?’

 बाहेर भाजीवाला ओरडत गेला. संघपालनं स्पीकर बंद केला, मग खाली पाहत सगळं सांगितलं. बोट बटणावर कसं गेलं ते, फोन कसा आला ते, काचेतून काय दिसलं ते. ‘आलं’ म्हटलं तेव्हा आलेलं नव्हतं. आणि नंतर हे तुकडे. सांगताना त्याचा आवाज लहान होत गेला.

नत्थुजी उठून उभे राहिले. ‘त्या कॅसेटवाल्यानं नाव नेलं,’ ते म्हणाले, ‘तुनं तं गळाच नेला.’ आणि चपला न घालताच बाहेर गेले.

केशरबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. ‘म्या आयकलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘दाराच्या बाहीरून. शेवटचं कडवं. लय चांगलं म्हनलं होतं त्याईनं त्या दिवशी. इतकं चांगलं कधी नोतं म्हनलं. मले वाटलं, बरं झालं, मशीनमंदी गेलं.’

बुधाजी पाटीवर लिहीत होते. ‘काढ ते.’

‘मामा, ते लोकं तुमचं नाव छापनार हायेत वरतं. इंग्लंडात तुमचं नाव...’

बुधाजींनी ‘काढ’च्या खाली रेघ ओढली. खडू तुटला.

‘मंग त्या जागी काय ठेवू?’

 गळ्यावरचं फडकं श्वासासरशी आत-बाहेर होत होतं. मग त्यांनी तुटलेल्या तुकड्यानं एकच शब्द लिहिला: ‘ठेका.’

संघपालनं अमरावतीला येऊन मार्कसला मेल केली, या वेळी सगळं खरं लिहिलं. उत्तर आठवड्यानं आलं. मार्कसनं एक शब्दही वावगा लिहिला नव्हता. आम्ही त्या जागी आठ आवर्तनं मोकळी सोडतो, त्यात फक्त ड्रम आणि बेस असेल, आणि गाणाऱ्याचं आणि रचणाऱ्याचं नाव वर छापतो, एवढंच त्यानं कळवलं.

रेकॉर्ड ऑगस्टमध्ये तिकडे बाजारात आली. तिकडच्या कुठल्याशा मासिकात कुणी लिहिलं, की या गाण्यातलं सगळ्यात धाडसी काम म्हणजे शेवटची ती पोकळी. गायकाच्या अनुपस्थितीतून इतिहास बोलतो. ज्योत्स्नानं ते कौतुकानं पाठवलं. संघपालनं दोनदा वाचलं. अमरावतीच्या डीजेवाल्यांपर्यंतही बातमी आली होती, आणि त्यातल्या दोघातिघांनी येऊन विचारलं, भाऊ, आमच्याई ट्रॅकात तसा गॅप टाक न, लंडनवाला. संघपालनं त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. एकाशी त्याची मारामारी होता होता राहिली.

बुधाजी सप्टेंबरात गेले. गाठ पुन्हा आली होती, खाली छातीत. पुण्यानुमोदनाला संघपाल मागे, बुटाचपलांपाशी बसला. नत्थुजी त्याच्याशी बोलले नाहीत.

ऑक्टोबरात मार्कसनं पाठवलेलं पार्सल आलं. आत मोठी काळी तबकडी होती, जुन्या जमान्यातल्यासारखी. तिकडे आता पुन्हा तबकड्याच काढतात. ती वाजवायचं मशीन अमरावतीत कुणाकडे नव्हतं आणि अकोल्यातही नव्हतं. संघपाल ती घेऊन केशरबाईंकडे गेला. त्यांनी हात पुसून ती घेतली, खिडकीच्या उजेडात धरली.

‘कोठी हाये नाव?’

संघपालनं त्यांचं बोट धरून इंग्रजी अक्षरांवर ठेवलं. केशरबाईंना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. त्या बोट अक्षरांवरून हळूहळू फिरवत राहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

‘एवढं लांब?’

‘आडनाव हाये संगं.’

त्यांनी तबकडी परत पाकिटात सरकवली आणि मांडीवर ठेवली.  संघपालला निघायचं होतं, पण उठवत नव्हतं.

‘संघपाल,’ केशरबाई म्हणाल्या. ‘एक इचारू?’

‘इचारा न, मामी.’

‘त्या दिवशी तू फोनवर कोनासंग बोलून राह्यला होता?’

संघपालनं आठवून पाहिलं. तिवस्याचा असेल. दर्यापूरचा? सीझनमध्ये दिवसाला तीस-चाळीस फोन येतात. निळा शर्ट आठवला, वर गेलेला हात आठवला, सपाट पडलेली रेघ आठवली. फोनच्या पलीकडे कोण होतं, काय विचारत होतं, त्याचं काम पुढे झालं की नाही, काहीच आठवेना.

‘आठवत नाई, मामी.’

केशरबाईंनी मान हलवली.

‘मले वाटलं,’ त्या म्हणाल्या, ‘कोनी मोठा मानूस असन.’